हिरामणतात्यांचा पिवळा पट्टा

आमच्या सोसायटीतल्या कुत्र्याला स्वतःची पार्किंगची जागा आहे. बी विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी, पिवळ्या ऑइल पेंटने आखलेला एक चौकोन आहे आणि त्यात आमचा मोत्या झोपतो. चौकोनाबाहेर झोपला तर हिरामणतात्या त्याला उठवतात आणि आत नेऊन झोपवतात. सुरुवातीला मोत्याने भुंकून निषेध नोंदवला. आता तो शेपूटसुद्धा पट्ट्याच्या आत ओढून घेतो. सोसायटीत तात्यांचं मुकाट्याने ऐकणारा तो एकटाच सभासद आहे, असं आमचे सेक्रेटरी म्हणतात.

हिरामण शेवकर आमचे शेजारी. मोशीत आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात तेही आले, तेव्हापासून त्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत सामाईक आहे. भिंत बिल्डरने इतकी जपून वापरली आहे की पलीकडे कढीपत्ता फोडणीला पडला तर शिंक मला येते.

तात्या मूळचे चाकणच्या पलीकडचे. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि लाइनचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. ज्यांनी कंपनीचा शॉप, म्हणजे यंत्रं चालतात तो भाग, आतून पाहिला नसेल त्यांना सांगते, तिथे जमिनीवर सगळीकडे पिवळे पट्टे असतात. माणसाने कुठून चालायचं, ट्रॉली कुठे थांबवायची, झाडू कुठे उभा करायचा, सगळं आखलेलं. तात्या निवृत्त झाले, पण पट्ट्याला कुणी निरोपाचा नारळ दिला नाही. तो त्यांच्याबरोबर घरी आला.

आधी त्यांनी स्वतःच्या दारात चपलांचे चौकोन आखले. मग आमच्या. आमच्या घरात चार माणसं, म्हणून चार चौकोन. पाहुणे आले की चपला हातात घेऊन उभे राहतात. मग पार्किंगची पाळी आली.

"पोरी, तुझी गाडी पट्ट्यावर आलीया."

"तात्या, चार बोटं तर आलीय."

"आज चार बोटं. उद्या चाक. परवा माणूस."

त्यांची दोन ठरलेली वाक्यं आहेत. पहिलं, "जागा ठरली की भांडण मिटलं." दुसरं, "नजरेत पायजे." म्हणजे कुठलीही वस्तू लांबून, बसल्या जागेवरून दिसली पाहिजे. दिसली नाही की ती हरवते, बिघडते किंवा चुकारपणा करते, असा त्यांचा सिद्धांत आहे. या सिद्धांतापायी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांची दारं काढून गच्चीवर नेऊन ठेवली. डबे नजरेत पाहिजेत. लीलामावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दिवशी भाजी आणायला गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तो स्वयंपाकघराचं किराणा दुकान झालेलं. मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कपाटांना जुन्या साडीचे पडदे लावले. त्यावर तात्याही काही बोलले नाहीत.

पुतणीच्या लग्नात तर कमाल झाली. जेवणाच्या मांडवात चेंगराचेंगरी होते म्हणून तात्यांनी सकाळीच रांगोळीने येणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा रस्ता आखून ठेवला. व्यवस्था चोख होती, खोट काढायला जागा नव्हती. फक्त नवऱ्यामुलाचे मामा चुकून जाणाऱ्यांच्या रस्त्याने आत शिरले, आणि तिथल्या पोरांनी तात्यांच्या हुकमाप्रमाणे त्यांना अदबीने हात धुवायला नेलं, बडीशेप दिली आणि मांडवाबाहेर आणून सोडलं. मामा उपाशीपोटी रुसून गाडीत जाऊन बसले. त्यांची समजूत काढायला अख्खं शेवकर घराणं लागलं. तात्यांचं म्हणणं एवढंच, "पट्टा बगायचा ना त्यांनी!"

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, या माणसाच्या घरात दिवसभर खटके उडत असतील. तसं असतं तर मला भिंतीतून ऐकू आलं असतं. अडचण अशी होती, की त्या घरातून काहीच ऐकू यायचं नाही.

लीलामावशीही नोकरीच करायच्या. चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायच्या कंपनीत. मुलगी लहान, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून दोघांनी ठरवून उलट्या शिफ्ट मागून घेतल्या. तात्यांची फर्स्ट असली की मावशींची सेकंड. कंपनीच्या बसथांब्यावर तात्या उतरायचे आणि मावशी चढायच्या. "पोरीला ताप हाय," "भाजी वट्यावर हाय," "दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगितलंय." शिफ्ट बदलताना चार्ज देतात घेतात तसा संसार. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली, तरी शिफ्टा उलट्याच राहिल्या. बदलून मागायचं दोघांनाही सुचलं नाही. मग आधी मावशी निवृत्त झाल्या, मागोमाग तात्या, आणि एके दिवशी दोन माणसं भर दुपारी एका घरात समोरासमोर आली.

"हे मानूस वाईट न्हाई गं," मावशी माझ्याकडे भाजी निवडायला येऊन बसल्या की म्हणायच्या. "दारू न्हाई, तंबाखू न्हाई. पण ह्यांच्याशी बोलायचं काय, त्येच मला उमगत न्हाई. पावन्याबरूबर बसल्यावानी वाटतं."

आणि तात्यांना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांनी त्यांच्या परीने उपाय केला. बाल्कनीत दोन चौकोन आखले, त्यात दोन खुर्च्या ठेवल्या आणि मावशींना सांगितलं, "ही बोलायची जागा." संध्याकाळी दोघं आपापल्या चौकोनात जाऊन बसायची. मी कपडे काढायला आमच्या बाल्कनीत गेले की दिसायची. तात्या नाशिक रस्त्याकडे बघतायत, मावशी कुंडीकडे. थोड्या वेळाने तात्या म्हणायचे, "ट्राफिक हाय आज." मावशी म्हणायच्या, "व्हय." मग दोघं उठून आत जायची. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

अशात सलीमभाईंचा फोन आला.

सलीमभाई नेहरूनगरचे. पूर्वी तात्यांच्याच लाइनवर होते. आपल्याकडे बनलेल्या तीनचाकी रिक्षा टांझानियात रस्तोरस्ती धावतात, हे कळल्यावर ते मेहुण्याच्या ओळखीने तिकडे गेले आणि रिक्षादुरुस्तीचं गॅरेज टाकून बसले. गॅरेज चांगलं चाललं. मग त्यांनी जवळच्या एका खेड्यातल्या शाळेला हातभार लावायला सुरुवात केली. तात्या पार्किंगमध्ये उभे राहून बोलत होते आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे संभाषण आम्ही दोन विंगांनी मिळून ऐकलं.

"तात्या, इथं शाळेचे बेंच मोडलेत, दारं निखळलीत. मोठ्या मुलींसाठी संडास नाही, तर पोरी वयात आल्या की शाळाच सोडतात, यार. सामान मी देतो. वेल्डिंगचा सेट आहे. चार पोरं पण आहेत हाताखाली. फक्त एक माणूस पाहिजे जो सकाळपासून सगळ्यांच्या मागे लागेल."

मागे लागणे या कामासाठी आफ्रिका खंडाला आमच्या तात्यांपेक्षा लायक माणूस मिळाला नसता. तात्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं पिवळा रंग मिळतो का?"

तीन महिन्यांसाठी जायचं ठरलं. पासपोर्ट निघाला, सुया टोचून झाल्या. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर तेज आलं. मावशींनी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लसणाचं तिखट आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. निघायच्या दिवशी आम्ही सगळे खाली जमलो. कुणी पेढे दिले, कुणी पाया पडलं. तात्या टॅक्सीत बसताना मावशींकडे वळले.

"निगतो."

"बरं."

"ग्यास बंद करत जा."

"बरं."

टॅक्सी गेली. मावशी वर गेल्या आणि गॅस बंद आहे का बघून आल्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

पहिले काही फोन मी माझ्या कानांनी ऐकले, कारण मावशींना व्हिडिओ कॉल लावता येत नव्हता आणि ते खातं माझ्याकडे होतं. पडद्यावर तात्यांच्या नाकाचा जवळून फोटो यायचा. "जेवलीस का?" "जेवले. तुमी?" "जेवलो." मग दोघंही एकमेकांकडे बघायची. "ठिवू?" "ठिवा." एवढ्यासाठी मी हाताचं पीठ धुऊन आलेली असायचे.

खरी बातमी सलीमभाईंच्या व्हिडिओंमधून कळायची. तात्यांनी गेल्या गेल्या शाळा ताब्यात घेतली होती. बेंच वेल्डिंग होऊन उभे राहिले होते. व्हरांड्यात मुलांच्या दप्तरांचे चौकोन, मैदानात प्रार्थनेच्या रांगांचे पट्टे, खडूच्या डब्याला चौकोन, घंटेच्या दांड्याला चौकोन. गावातल्या कोंबड्या वर्गातून फिरायच्या, म्हणून त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळा रस्ता आखला होता. कोंबड्यांनी मात्र मोत्याइतका समजूतदारपणा दाखवला नाही. एका व्हिडिओत तात्या हात पसरून कोंबडीला पट्ट्यावर घेतायत आणि मागे सगळी शाळा पोट धरून हसतेय.

तिकडे कारागिराला 'फुंडी' म्हणतात. मुलं त्यांना फुंडी हिरामण म्हणायची. आणि रोज सकाळी प्रार्थना झाली की तात्या विचारायचे, "कसं पायजे?" आणि दोनशे पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "नजरेत पायजे!" अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. पण आपल्या शाळेचं हे ब्रीद आहे अशी सगळ्यांची खात्री पटली होती.

मुलींचा संडास हे तात्यांचं मुख्य काम. ते त्यांनी जीव ओतून केलं. पक्क्या विटा, वर टाकी, बिजागऱ्यांना तेल, आत लादी. दाराला निळा रंग. वर्गापासून दारापर्यंत पिवळा पट्टा, म्हणजे रस्ता चुकायला नको. उद्घाटनाला गावचे म्होरके आले, फीत कापली, गाणी झाली. सलीमभाईंनी व्हिडिओ पाठवला आणि आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकली.

आणि एकही मुलगी तिकडे फिरकली नाही.

पहिल्या दिवशी तात्यांना वाटलं, लाजत असतील. मग त्यांना वाटलं, रंगाचा वास येत असेल. त्यांनी दार दोन दिवस उघडं ठेवलं. मग कडी घट्ट आहे असं वाटून कडी बदलली. आत अंधार वाटत असेल म्हणून झरोका मोठा केला. बादली बदलली, तांब्या बदलला. मुली पूर्वीसारख्याच दुपारी घरी जायच्या आणि गेल्या की त्या दिवशी परत यायच्या नाहीत. पंचवीसेक मुलींची शाळा कायमची सुटायची वेळ आली होती आणि त्यासाठीच तर हा माणूस समुद्र ओलांडून गेला होता.

मग एका संध्याकाळी फोन आला तेव्हा मी मावशींकडेच होते. पडद्यावर प्रथमच तात्यांचं नाक नव्हतं, पूर्ण चेहरा होता, आणि तो उतरलेला होता.

"जेवलीस का?"

"जेवले. तुमी?"

"न्हाई." आणि मग तात्यांनी मावशींना एक प्रश्न विचारला. भाजीचा नाही, गॅसचा नाही. "लीला, पोरी संडासात जात न्हाईत. काय चुकलं असंल?"

मावशींनी पदराने हात पुसले आणि फोन माझ्याकडून स्वतःच्या हातात घेतला. "दावा बगू."

तात्यांनी फोन फिरवला. निळं दार दिसलं. पिवळा पट्टा दिसला.

"म्होरं काय हाय त्येच्या?"

"हेडमास्तरांचा व्हरांडा. टेबल मांडलंय त्यांचं. तितनं समदं दिसतं. कोण गेलं, कोण आलं, कोण किती येळ बसलं. नजरेत पायजे ना."

मला वाटलं, नेहमीप्रमाणे आता "ठिवू?" होणार. पण मावशींनी फोन जवळ धरला आणि त्या बोलायला लागल्या.

"आमच्या लाइनीला एक लाल कार्ड व्हतं. एका लाइनीला एकच. जायचं असलं की त्ये गळ्यात अडकवायचं आन समद्या बायांच्या म्होरनं, सायबाच्या काचंच्या केबिनीवरनं जायचं. सायेब घड्याळ बगायचा. महिन्यातनं चार दिस तर जीव जायचा माझा. मंग मी काय करायची, शिफ्टला पानीच प्यायची न्हाई. घरी येऊन घटाघटा तांब्याभर प्यायची. माझ्याच न्हाई, लाइनीवरल्या समद्या बायांच्या बाटल्या भरल्या तशाच घरी जायच्या."

तात्यांचा चेहरा पडद्यावर स्थिर होता. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"तुला मूतखडा झाला व्हता," ते शेवटी म्हणाले.

"व्हय. त्याच्यानंच."

"मला कदी बोलली न्हाईस."

"कवा बोलनार? तुमी उतरला की मी चडायची."

तात्या हळू आवाजात म्हणाले, "मी बी काचंच्या केबिनीतच बसायचो गं. आमच्याकडं बी बाया व्हत्या लाइनीला. मी बी घड्याळ बगायचो." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. पाणी कुणीच मागितलं नव्हतं.

परत आले तेव्हा मावशींचा सूर बदलला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सुपरवायझरच्या सुपरवायझर झाल्या होत्या.

"त्ये दार मागल्या बाजूला घ्या. झाडाकडं. म्होरं आडोशाची भिंत घाला, डोक्याच्या वर. आत खुंटी ठोका, कापडं अडकवायला. एक झाकनाची बादली ठिवा. आन कडी आतनं, भायेरनं न्हाई. आन त्यो पिवळा पट्टा पुसा पैला!"

"पट्टा पुसू?" मिशा काढायला सांगितल्यासारखा तात्यांचा चेहरा झाला.

"पुसा. कुनाला दिसायला नको पोर कुटं चालली त्ये."

तात्यांनी पट्टा पुसला. घासलेटाने घासून पुसला. व्हिडिओ सलीमभाईंनी काढला आणि खाली लिहिलं, 'तारीख लिहून ठेवा.' विटा पुन्हा रचल्या, दार मागे गेलं, समोर आडोसा उभा राहिला. पुढच्याच आठवड्यात एका दुपारी तात्यांचा फोन आला. मावशी आमच्याकडे लाटणं मागायला आल्या होत्या आणि त्यांनी भर जिन्यात फोन उचलला.

"लीला! गेल्या! तीन पोरी गेल्या!"

"हळू बोला," मावशी म्हणाल्या. "अन् तुमी कशाला मोजाय बसलाय तितं? हटा!"

त्यानंतर मात्र फोनचा नूरच पालटला. मला बोलवायचं बंद झालं, कारण मावशी स्वतः व्हिडिओ कॉल लावायला शिकल्या. रोज जेवणं आटोपली की भिंतीपलीकडून आवाज यायचा. आधी संडासाची चर्चा चालायची. खुंटी किती उंच, बादली कुणी रिकामी करायची, आरसा लावायचा का. मावशींचं मत, आरसा पाहिजेच. पोरी एकमेकींना घेऊन जातील. तसंच झालं. मग जोसेफ हेडमास्तरांच्या बायकोची ओळख झाली. ती पडद्यावर येऊन लसणाच्या तिखटाची कृती विचारू लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तिखट जमलं.

मग विषय संडासावरून कुठेही जायला लागले. बसमधल्या मैत्रिणी, तात्यांच्या लाइनवरचा संप, मुलीच्या बारशाला कुणी काय केलं होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी एकमेकांना आत्ता कळत होत्या. मावशींचं हसणं मी पहिल्यांदा भिंतीतून ऐकलं. मोठ्याने हसतात त्या, ठसका लागेपर्यंत. आमचे हे एकदा टीव्ही बंद करून म्हणाले, "थांब गं, त्यांचं जास्त रंगलंय." त्यांना दटावून मी पुन्हा टीव्ही लावायला लावला.

दिवसा मावशी माझ्याकडे यायच्या ते बातम्या गोळा करायला. "काय झालं गं आज? सेक्रेटरी पडला म्हनं जिन्यात? कसा पडला? नीट सांग, रातच्याला ह्यांना सांगायचंय." त्या वेचून वेचून साठवायच्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे इतका माल जमायचा की फोन यायच्या आधीच त्या खुर्ची ओढून बसलेल्या असायच्या.

तीन महिने संपले. शेवटच्या दिवशी शाळेतल्या मुलींनी फुंडी हिरामणना रंगीत कापड भेट दिलं. ते तात्यांसाठी नव्हतं. "लीलासाठी," त्यांनी सांगितलं होतं. तात्या विमानतळावरून आले तेव्हा रापले होते, वाळले होते. आम्ही औक्षण केलं. मोत्या चौकोन सोडून धावत आला आणि तात्यांनी त्याला रागावलंही नाही. मावशींनी नवी साडी नेसली होती. मी मुद्दामच लवकर निघाले. म्हटलं, आता या दोघांना किती बोलायचं असेल.

त्या रात्री भिंतीतून काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही "चहा" आणि "ठिवलाय" एवढंच. संध्याकाळी बाल्कनीत दोघं आपापल्या खुर्चीत बसली होती, आणि तात्या म्हणाले, "ट्राफिक हाय," आणि मावशी म्हणाल्या, "व्हय."

मग एका दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. हातात निवडायला भाजी नव्हती. नुसत्या बसल्या.

"आले गं हे," त्या म्हणाल्या. "पन फोन बंद झाला."

मी चहाचं आधण ठेवलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "तितं व्हते तवा कसं सुचायचं. आता समूर बसत्यात तर त्येंच्या तोंडाकडं बगून जीभच उचलत न्हाई. त्येंची बी तीच गत. काल मला बगून खाकरले, वाटलं काय तरी बोलत्यात. मीठ मागितलं." त्या हसल्या, पण ते हसणं भिंतीतून यायचं तसं नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत त्यांना जे मिळालं होतं ते हातचं जातंय, हे त्यांना दिसत होतं आणि त्याला धरून कसं ठेवावं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना जबरदस्तीने चहा पाजला. मला खूप वाईट वाटलं. भिंत एवढी पातळ असून उपयोग काय, असंही वाटलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. भोसरीहून ऑफिस सुटून मी घरी येत होते. गाडी लावली आणि पाहते तर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर तात्या बसलेले. कानाला फोन. एक पाय दुसऱ्यावर टाकून, अगदी रंगात आलेले.

"मंग? ... न्हाई, न्हाई, तू सांग आदी. ... आरं तिच्या! सेक्रेटरीच्या म्होरंच?"

मला वाटलं, सलीमभाई असतील. मी जाता जाता हाताने खूण करून विचारलं, कोण? तात्यांनी फोनवर तळवा ठेवला. एवढा दोनशे माणसांची लाइन हाकलेला माणूस, कानापर्यंत लाजला होता.

"घरी."

"घरी म्हणजे? नाशिकला? ताईंना?"

"न्हाई. हितंच." त्यांनी डोळ्यांनीच वर, तिसऱ्या मजल्याकडे दाखवलं. "समूर बसलं की सुचत न्हाई पोरी. मंग म्हटलं, भाजी आनाय जातो, आन खाली आलो. हितनं लई सुचतंय. जा तू, तिला थांबवून ठिवलंय."

मी जिना चढले. शेवकरांचं दार सताड उघडं होतं. आत लीलामावशी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून धरलेला, अंगावर ते आफ्रिकेचं रंगीत कापड शालीसारखं घेतलेलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी दारातून "मावशी" म्हणून हाक मारली तशी त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"थांब जरा गं," त्या म्हणाल्या. "ह्यांचा फोन हाय."

मी त्यांचं दार हळूच ओढून घेतलं आणि माझ्या घरात गेले.